सातवा खळगा

किनाऱ्यापासून गलबताने अडीच तास.
ओहोटी असेल तर शेवटचा मैल कांदळवनाच्या चिखलातून,
स्कॅनर डोक्यावर, चपला दातांत.
रेहेमा म्हणते, अहवालात हेही लिही.
लिहीत नाही.

बेटावर एक कबर आहे, प्रवाळदगडाच्या खांबाची,
गोरखचिंचेच्या आडोशाला.
कुणाची, ते तीन माणसं तीन तऱ्हेनं सांगतात.
खांबाच्या अंगाला नऊ वाटोळे खळगे.
त्यांत कधीकाळी चिनी वाडगे बसवलेले होते,
समुद्रावरून येणाऱ्याला ते म्हणे
दुपारच्या उन्हात आधी दिसत, बेट मागून.

भरती आता वर्षाला हातभर आत येते.
म्हणून आम्ही आलो.
दगड वाचवायला नाही, तेवढे पैसे कुणाकडे नाहीत;
दगडाचा आकार वाचवायला.
कोट्यवधी ठिपके, प्रत्येकाला आपापला पत्ता.

खळगा एक: रिकामा. खोली चौतीस मिलिमीटर.
खळगा दोन: रिकामा. कडेला पहारीचे व्रण.
खळगा तीन: रिकामा.
राखणदार मकामे माझ्या खांद्यावरून बघत होता.
ही लिपी त्याला येत नाही,
पण एकच शब्द सहादा एकसारखा लिहिलेला पाहून
ओळखीचा झाला असावा.
सातव्याला म्हणाला, थांब.

आला तो असरच्या नमाजानंतर,
बायकोच्या कांग्यात काहीतरी गुंडाळून.
घरी मीठ ठेवायचे त्यात. आत्ताच ओतून आणलेला.
पांढऱ्यावर निळा, तळाशी एक मासा,
शेपटी बोटांनी झिजलेली.

साहेबाच्या पेट्या भरत होत्या, म्हणाला,
तेव्हा आजोबांनी रात्रीतून हा एक काढला,
चुना भिजवत भिजवत, चाकूच्या टोकानं.
खोटं वाटतंय? कडा बघ.
बघितल्या.
आठ खळग्यांच्या कडा फुटलेल्या.
सातव्याची अखंड, जणू कुणी झाकण उचलून ठेवलं.

वाडगा बसेना. धरायला चुना नव्हता.
मग त्यानंच धरला, तळहातानं, खाली उकिडवा बसून.
यंत्राची एक फेरी साडेचार मिनिटांची.
हलू नका, मी म्हटलं,
त्र्याहत्तर वर्षांच्या हाताला.
फेरी संपली तसा त्यानं वाडगा पुन्हा कांग्यात बांधला.
कालवणाला मीठ लागेल, म्हणाला, आणि गेला.
उरलेले दोन खळगे मी अंधार पडता पडता उरकले.

आता ऑफिस, पंखा, पडदे ओढलेले.
यंत्राच्या भाषेत हलतं ते सगळं गोंगाट.
एक बकरी पुसली. गोरखचिंचेची पानं पुसली.
रेहेमाची छत्री पुसली, तिच्यासकट.
मग मकामेचा हात निवडला
आणि पुसला.

वाडगा भिंतीपासून दोन बोटं पुढे,
हवेत,
कशाच्याही आधाराशिवाय.

परत आणला हात.
थरथरला होता, म्हणून त्याला कडा अनेक,
बोटं मोजली तर अकरा भरतात.

फॉर्मला दोनच रकाने: उपलब्ध, गहाळ.
राजधानीतून फोन येतो,
तुमच्या चित्रात वाडगा आहे, तक्त्यात नाही,
आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?
तपासून सांगते, म्हणते मी.
गेले तीन महिने तपासते आहे.
खरं सांगितलं तर उद्या कुणीतरी बोटीत बसेल,
पावतीपुस्तक घेऊन,
आणि ती मिठाची जागा रिकामी होईल.

रात्री फाइल उघडून जवळ जाते, आणखी जवळ,
इतकी की वाडगा वाडगा राहत नाही.
कडेपाशी थोडे पांढरे ठिपके आहेत, सुटे.
यंत्र विचारतं, गोंगाट आहे, काढू?

मीठ आहे ते.
नको म्हटलं.